ताडपत्रीखालची बुलेट पुन्हा घाटात

इंदूरच्या जुन्या मराठी वस्त्यांत, रामबागेत म्हणा की राजेंद्रनगरात, एखाद्या ओसरीत अजूनही ताडपत्रीखाली बुलेट उभी दिसते. आजोबांनी हौसेनं घेतलेली, वडिलांनी ओंकारेश्वर-महेश्वर केलेली, आणि घरात स्कूटर आल्यावर हळूहळू कोपऱ्यात सरकलेली. ती चालू करायची म्हटलं की पहिला फोन जातो पेंटरला. तिथंच चुकतं. टाकी चकाकते, सीट नवी येते, आणि पैसे संपतात तेव्हा ब्रेकचे लायनर वीस वर्षांपूर्वीचेच राहिलेले असतात.

हा लेख कास्ट आयर्न इंजिनाच्या ३५० बुलेटबद्दल आहे. म्हणजे गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा, गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या पायाशी, ३४६ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मि.मी. कामाचा क्रम असा: कागद, थांबण्याची सोय, तेल, ठिणगी, पेट्रोल, आणि मग किक. इंजिन खोलणं या यादीत मुद्दामच नाही. ते गाडीनं मागितलं तरच.

कागद आधी, पाना नंतर

आरसी हातात घ्या आणि चॅसी नंबर व इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. चॅसी नंबर हँडलजवळ हेडस्टॉकवर असतो, इंजिन नंबर क्रँककेसवर. रंगाच्या थरांखाली आकडे बुजले असतील तर पेंट रिमूव्हर आणि कापड वापरा. ग्राइंडर किंवा सँडपेपर लावू नका. घासलेला नंबर तपासणीत संशयास्पद ठरतो आणि मग तुमचं खरं सांगणंही कोणी ऐकत नाही.

गाडी आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असून ते हयात नसतील तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ लागतो. विकत घेतली असेल तर फॉर्म २९ आणि ३०. पहिल्या पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण फॉर्म २५ वर, पाच-पाच वर्षांसाठी होतं. मोटरसायकलसाठी ही फी एप्रिल २०२२ पासून १,००० रुपये झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० रुपये. उशिराचा आकार महिन्याला ३०० रुपये. दहा वर्षं उभ्या गाडीचा हा आकडा गाडीच्या किमतीला टेकू शकतो, म्हणून पानाही उचलण्यापूर्वी नायता मुंडल्याच्या आरटीओत जाऊन पूर्ण हिशोब करून घ्या. विमा आणि पीयूसी हे ओघानं आलंच.

दिल्लीकडून स्वस्तात बुलेट येतात, कारण तिथं पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आहेत. गाडी चांगली असू शकते, पण फॉर्म २८ वरची एनओसी हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. "एनओसी मागून पाठवतो" हे वाक्य ऐकलं की चहा पिऊन उठावं.

गाडी पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीचा पर्याय आहे. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. मात्र अशी गाडी रोजच्या वापरात चालवता येत नाही. लांबच्या सहली करायच्या असतील तर साधं नूतनीकरणच बरं.

पान्याचा घोळ

जुन्या बुलेटचे बरेचसे नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. ब्रिटिश व्हिटवर्थ आणि सायकल थ्रेडचे. पुढच्या काळातल्या गाड्यांत काही ठिकाणी मेट्रिक आले, त्यामुळे एकाच गाडीत दोन्ही सापडतात. घरातला १२-१३ चा पाना "जवळपास बसतो" म्हणून लावला की नटाची टोकं गोल होतात, आणि त्यानंतर छिन्नी-हातोडीशिवाय तो निघत नाही. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानी सूत-इंचाचे पाने मागा. एक रिंग सेट, एक फिक्स सेट, एक फिलर गेज, आणि चपट्या तोंडाचे दोन चांगले स्क्रू-ड्रायव्हर. गंजलेल्या प्रत्येक नटावर आदल्या रात्री रस्ट स्प्रे मारून ठेवा. नाही मिळाला तर डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं.

उलट्या आट्याचा एक नट लक्षात ठेवा. उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरच्या आत, क्रँकवर, ऑइल पंप फिरवणारा वर्म नट डाव्या आट्याचा आहे. नेहमीच्या दिशेनं जोर लावणाऱ्यानं तो आणखी आवळून तोडल्याची उदाहरणं कमी नाहीत.

आधी थांबता आलं पाहिजे

टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. २३१२ म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही कोरी दिसो, सहा-सात वर्षांवरचा टायर बदलायचा. उभ्या गाडीचा टायर एका जागी दबून राहतो आणि रबर आतून कडक झालेलं असतं. दोन्हीकडे ३.२५-१९ चा टायर बसतो. टायरबरोबर ट्यूब आणि रिमची पट्टीही नवी घ्या. जुनी पट्टी फाटून स्पोकचं टोक ट्यूबमध्ये घुसतं, आणि नेमकं ऐंशीच्या वेगात. रिम काढलेलीच आहे तर स्पोक पेन्सिलनं वाजवून बघा. सगळे एकाच सुरात वाजले पाहिजेत. जो बद्द वाजतो तो ढिला किंवा तुटलेला.

ब्रेक ड्रम उघडून लायनर बघा. ग्रीस किंवा तेल प्यायलेला लायनर पेट्रोलनं धुऊन सुधारत नाही, गरम झाला की तेल पुन्हा वर येतं. नवेच घ्या. ड्रमला आतून वरंबा पडला असेल तर लेथवर हलकासा काढून घ्या, पण ड्रम चाकाला स्पोकसह बसलेला असतानाच, कारण स्पोक आवळल्यावर ड्रम किंचित ओढला जातो. ब्रेक कॅमच्या दांड्यावर ग्रीसचा पातळ हात द्या. हाच दांडा गंजून अडकतो आणि लोक केबलला दोष देतात.

हँडल एका बाजूला वळवताना मध्येच "टक्" करून बसत असेल तर हेडस्टॉकच्या वाट्यांना छर्ऱ्यांचे खड्डे पडले आहेत. वाट्या आणि छर्रे जोडीनंच बदलतात. काढताना छर्रे मोजून ठेवा, बसवताना एक कमी पडला तरी हँडल खडखडतं. पुढच्या फोर्कमध्ये प्रत्येक नळीत सुमारे २०० मि.ली. तेल लागतं. जुनं निघेल ते काळं आणि कमी असेल, बहुधा एका बाजूला जवळजवळ नसेलच.

तेल: बुलेटचं खरं दुखणं

या इंजिनात तेलाची टाकी क्रँककेसच्याच ओतकामात मागच्या बाजूला आहे, पण क्रँक फिरतो तो कप्पा वेगळा. पंप टाकीतून तेल घेतो आणि दुसरा पंप क्रँकखाली जमलेलं तेल परत टाकीत टाकतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की टाकीतलं तेल पंपाच्या फटीतून झिरपत क्रँकच्या कप्प्यात उतरतं. डिपस्टिक कोरडी दिसते, माणूस दोन लिटर नवं तेल ओततो, किक मारतो, आणि श्वासनळीतून, म्हणजे क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, तेलाचा फवारा उडतो. म्हणून टाकी आणि क्रँककेस, दोन्हीकडचे ड्रेन प्लग उघडा आणि दोन वेगळ्या भांड्यांत तेल घ्या. क्रँकच्या कप्प्यातून पेलाभरापेक्षा बरंच जास्त निघालं तर पंप झिजला आहे, किंवा गाडी नुसती फार दिवस उभी होती. आठवडाभर चालवून पुन्हा मोजा, मग ठरवा.

प्लगबरोबर राखाडी चिखल येतो. तो पाणी मिसळलेल्या तेलाचा. अशा वेळी अर्धा लिटर स्वस्त तेल ओतून, दहा मिनिटं थांबून, तेही वाहू द्या. फिल्टर बदला. फिल्टरच्या टोपीखालची रबरी आणि कागदी सीलं नवी घाला, आणि फिल्टरच्या घरात आधी तेल भरून मगच टोपी लावा. हे न केल्यास पहिली काही मिनिटं बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग) कोरडा राहतो. या इंजिनाच्या बिग एंडला तेल मिळतं ते टायमिंग कव्हरमधल्या छोट्या नळीवाटे, आणि त्या नळीचं सील कडक झालं असेल तर तेल क्रँककडे न जाता वाटेतच गळतं. टायमिंग कव्हर काढलं आहे आणि सील तसंच परत लावलं, असं कधी करू नये. दहा-वीस रुपयांचं सील वाचवून कनेक्टिंग रॉड घालवण्याचा हा हमखास मार्ग.

नवं तेल २०डब्ल्यू५०, साधारण दोन लिटर, डिपस्टिकच्या खुणेपर्यंत. फार महागडं सिंथेटिक घालून काही मिळत नाही. 

गळतीचं एक लपलेलं कारण म्हणजे श्वासनळी. त्यात बदकाच्या चोचीसारखा एक रबरी व्हॉल्व्ह असतो, जो हवा बाहेर सोडतो पण आत येऊ देत नाही. रबर कडक झालं की क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि तेल सापडेल त्या सीलमधून बाहेर पडतं. मिस्त्री मग एकेक गॅस्केट बदलत बसतो. आधी ती चोच बदला.

प्रायमरी केस, म्हणजे डावीकडचं मोठं चकाकतं कव्हर, एकाच मधल्या नटावर धरलेलं असतं. गळतं म्हणून तो नट वाजेपर्यंत आवळला की कव्हर वाकतं आणि गळती कायमची होते. कडेचं रबर नवं घाला, नट बेतानं आवळा. आत ४२० मि.ली. तेल. हे उघडलं असतानाच प्रायमरी चेनचा ताण बघा: मधोमध बोटानं वर-खाली ६ मि.मी. हलली पाहिजे. चेन फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा, कारण ती सगळीकडे सारखी झिजत नाही.

गिअरबॉक्सला पातळ ग्रीस लागतं, दाट नाही. नुसतं ईपी ९० गिअर ऑइल घातलं तर क्लचच्या सळईवाटे बाहेर येऊन डाव्या बुटावर टपकतं. बरेच जुने मिस्त्री पातळ ग्रीसमध्ये थोडं ईपी ९० मिसळून घालतात, आणि ते बरं चालतं.

ठिणगी

प्लग काढून त्याच्या तोंडाशी जुनं काजळ बघा, मग नवाच लावा. फट ०.५ मि.मी.

पॉइंटची, म्हणजे उघडमीट करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांची, फट ०.३५ ते ०.४० मि.मी. ठेवा, पॉइंट पूर्ण उघडलेले असताना. टोकांवर खड्डा आणि टेकाड पडलं असेल तर बारीक कानशीनं घासण्यापेक्षा नवा सेट घ्या, आणि त्याबरोबर कंडेन्सरही. कंडेन्सर खराब असल्याची खूण अशी की गाडी थंड असताना नीट चालते, वीस किलोमीटरनंतर फटफटू लागते, आणि सावलीत अर्धा तास उभी केली की पुन्हा ठीक. लोक त्याला "पेट्रोलमध्ये कचरा" समजतात. बाजारात डुप्लिकेट कंडेन्सर इतके झाले आहेत की नवा घेतला तरी एक चांगला तपासलेला जास्तीचा जवळ असावा.

टायमिंगसाठी पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकला सर्वांत वरच्या बिंदूपासून ०.८ मि.मी. खाली ठेवायचा आणि नेमके त्याच क्षणी पॉइंट उघडायला हवेत, ॲडव्हान्सची (वेगाबरोबर ठिणगी लवकर पाडणारी) वजनं मिटलेल्या स्थितीत. पॉइंटच्या मध्ये सिगारेटच्या चांदीमागचा पातळ कागद धरा. डिस्ट्रिब्युटरचं अंग हळूहळू फिरवत न्या. कागद अलगद सुटतो, तोच उघडण्याचा क्षण. ०.८ मि.मी. मोजण्यासाठी प्लगच्या भोकातून सायकलचा स्पोक टाकून खूण करणारे आहेत, पण तिथं पाव मिलिमीटरची चूक सहज होते. डायल गेज असणारा मिस्त्री गाठा. टायमिंग फार पुढे गेलं की किक उलटी मारते. घोटा दुखावतो तो असा.

वायरिंगच्या गाठीवर टेप, टेपवर टेप असा प्रकार असेल तर पूर्ण हार्नेसच बदला. एक जाड अर्थ वायर बॅटरीपासून थेट चॅसीपर्यंत न्या, आणि बॅटरीजवळच फ्यूज बसवा. १२ व्होल्टच्या गाडीत बंद अवस्थेत भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन थोडं वर नेल्यावर १३.८ ते १४.४ व्हायला पाहिजे. तेवढं होत नसेल तर मोठा हॅलोजन लावण्याचा विचार सोडा. जुना आल्टरनेटर त्याचं ओझं पेलत नाही आणि बॅटरी रात्रीच्या रस्त्यात बसते. चांगल्या दर्जाचा एलईडी हेडलाइट इथं खरोखर उपयोगाचा आहे, मूळ रूप बिघडलं तरी.

पेट्रोलची बाजू

टाकीत गंज असणारच. मूठभर नट किंवा बारीक गोटे टाकून, एक-दोन लिटर व्हिनेगर ओतून, टाकी ब्लँकेटमध्ये गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं हलवत राहा. मग रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन आम्ल मारा, लगेच उन्हात वाळवा, आणि आतून थोडं तेल फिरवा. सोड्याची पायरी गाळली तर आठवडाभरात नारिंगी गंज परत येतो. आतून कोटिंग लावायचं असेल तर इथेनॉल सोसणारंच घ्या; साधं कोटिंग पापुद्रे होऊन जेटमध्ये अडकतं.

इथेनॉलचा मुद्दा इथं नीट समजून घ्यावा. आता पंपावर ई२० मिळतं, म्हणजे वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुनी रबरं, कॉकमधला कॉर्क, कार्बोरेटरची सीलं त्यानं फुगतात किंवा विरघळून चिकट होतात. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून अर्धी रिकामी टाकी पावसाळ्यात महिनाभर उभी राहिली की तळाशी पाणी आणि गंज जमतो. यावर उपाय साधे आहेत: पेट्रोलचा पाइप आणि सीलं व्हिटॉन रबराची घ्या; गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी काठोकाठ भरा आणि कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल जाळून टाका. मिश्रण इथेनॉलमुळे थोडं पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं, म्हणून प्लगचा रंग पांढरट दिसत राहिला तर मेन जेट एक नंबर मोठा लावा.

कार्बोरेटर (बहुतेक गाड्यांत मिककार्बचा व्हीएम २४) पूर्ण उघडून कार्ब क्लीनरनं धुवा. जेटच्या भोकात तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, आणि मग गाडी पेट्रोल का पिते ते कोणालाच कळत नाही. हवेनं फुंका. एअर स्क्रू पूर्ण आत घेऊन दीड आटा बाहेर, ही सुरुवात. गरम इंजिनवर सर्वांत स्थिर आयडल मिळेपर्यंत पाव-पाव आटा फिरवा. कार्बोरेटर आणि हेड यांच्यातल्या जोडावर आयडल चालू असताना थोडा कार्ब क्लीनर शिंपडा (सायलेन्सरपासून दूर). आवाज बदलला तर तिथून हवा ओढली जाते आहे.

वीस किलोमीटर एकसारखं चालवून, वेगातच इंजिन बंद करून प्लग काढला की रंग खरा कळतो. खारकेसारखा तपकिरी चांगला. पांढरा म्हणजे पातळ मिश्रण, आणि हाच पिस्टन जाळतो. कोरडं काळं म्हणजे घट्ट. ओलं काळं म्हणजे तेल वर येतं आहे.

पहिली किक

पिस्टन अडकला असेल तर प्लगच्या भोकातून १५-२० मि.ली. डिझेल-तेलाचं मिश्रण टाका आणि दोन दिवस विसरून जा. मग चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं पुढे-मागे हलवा. किकवर उभं राहून उड्या मारायच्या नाहीत. चिकटलेली रिंग तुटून सिलिंडरला ओरखडा काढते, आणि जे काम तेलावर भागलं असतं ते बोअरपर्यंत जातं. क्लचच्या प्लेटा चिकटल्या असतील तर क्लच दाबून दोन-तीनदा किक फिरवा, सुटतात.

मोकळं झाल्यावर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट. इंजिन पूर्ण थंड, पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. पुशरॉड बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. म्हणजे फट शून्य. आवळून बसवला तर व्हॉल्व्ह जळतो. ढिला ठेवला तर टकटक ऐकू येते, पण नुकसान कमी. शंका असेल तर किंचित ढिल्याकडे.

आता किक. चोक, कॉक उघडा, आणि किक हळू दाबत न्या. जिथं जड लागते तिथं थांबा. डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) दाबून किक थोडीशी पुढे सरकवा, ॲमीटरची सुई मध्यावर येते, डीकॉम्प्रेसर सोडा. किक वर येऊ द्या आणि पूर्ण पाय घालून एकदाच खाली. थ्रॉटल अजिबात नाही. या गाडीला ताकदीपेक्षा जागा हवी असते. चाळीस किलोची मुलगी ती चालू करते आणि जिमवाला भाऊ घामाघूम होतो, ते यामुळेच.

चालू झाल्यावर लगेच हेडकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीचा वरचा बोल्ट थोडा ढिला करून बघा. मिनिटभरात तेल ओलावलं पाहिजे. नाही आलं तर गाडी बंद करा, तिथल्या तिथे.

इंजिन कधी खोलायचं

किकला जोर लागत नसेल तर प्लगमधून १० मि.ली. तेल टाकून पुन्हा किक फिरवा. जोर वाढला तर रिंगा आणि बोअर. न वाढला तर व्हॉल्व्ह. निळा धूर सतत येत असेल तर तेल जळतं आहे, पण लांब उभ्या गाडीचा पहिल्या पंधरा मिनिटांचा धूर मोजायचा नाही.

बोअर करायचाच झाला तर पिस्टन आधी विकत घ्या आणि बोअरवाल्याच्या हातात तोच ठेवा. "+२० चा (इंचाचे वीस हजारांश मोठा) करून ठेवा, पिस्टन मग घेऊ" असं सांगू नका. पिस्टन आणि सिलिंडरमधला वाव पिस्टनच्या डब्यावर दिलेला असेल तो पाळा. नसेल तर स्कर्टपाशी साधारण ४ थाउ (इंचाचे हजारांश), म्हणजे ०.१० मि.मी. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि हवेवर थंड होणारं हे इंजिन घट्ट बोअरला माफ करत नाही. रिंगची फट बोअरच्या दर मिलिमीटरमागे ०.००४ मि.मी. धरा, ७० मि.मी.ला सुमारे ०.२८. कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली ओढा. जराही खेळ लागला तर बिग एंड गेला आहे. बाजूला सरकतो त्याची काळजी नको. क्रँक उघडून नीट जुळवणारे कारागीर थोडे उरले आहेत, तेव्हा दोन आठवडे थांबावं लागलं तरी हरकत नाही.

सुटे भाग डुप्लिकेट लुधियाना माल की कंपनीचे, हा प्रश्न प्रत्येक दुकानात येतो. पत्रा, मडगार्ड, आरसे स्वस्तातले चालतात. बेअरिंग, केबल, पॉइंट, कंडेन्सर आणि ऑइल सील यांत काटकसर नको. दिल्लीच्या करोल बागेतून माल मागवणार असाल तर जुना भाग नमुना म्हणून सोबत पाठवा. ६ व्होल्ट आणि १२ व्होल्टमधला घोळ तिथंही होतो.

बोअर झालेलं इंजिन पहिले ५०० किलोमीटर पन्नासच्या आत, पण एकाच वेगात नाही. ५०० ला तेल आणि फिल्टर पुन्हा.

रस्त्यावर, आणि चार जणांत

डाव्या पायाला गिअर असलेल्या गाडीची सवय असेल तर उजव्या पायाच्या गिअरवर घाबरल्या क्षणी पाय चुकतो: ब्रेक समजून गिअर दाबला जातो. दशहरा मैदानावर सकाळी अर्धा तास फक्त "थांबा" चा सराव करा. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. टाचेशी असलेली न्यूट्रल फाइंडरची छोटी कांडी पहिला सोडून कोणत्याही गिअरमधून न्यूट्रलला आणते, ती शिकून घ्या.

पहिली फेरी पाच किलोमीटर, घराभोवतीच. परत आल्यावर सगळे नट हातानं चाचपा. कंपनामुळे सायलेन्सरचा क्लॅम्प आणि मडगार्डचे बोल्ट आधी सुटतात. मग महूपर्यंत, मग जानापाव. माळव्यातल्या उंच टेकड्यांपैकी ती एक, ८५४ मीटर, आणि चढावर क्लच घसरतो की नाही ते तिथं स्पष्ट कळतं. हे सगळं निभलं की मांडू किंवा महेश्वर, दोन्ही शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर.

बरोबर जाणारी माणसं शोधायला फार हिंडावं लागत नाही. ज्या मिस्त्रीकडे तुमची बुलेट उघडली आहे, त्याच्या दारात रविवारी सकाळी आणखी दोन बुलेटवाले उभे असतातच. छप्पन दुकानावर पोहे-जलेबीसाठी सात वाजता जमणाऱ्या गाड्यांपाशी जाऊन नुसतं "कितवं मॉडेल?" विचारलं तरी अर्धा तास जातो. इंदुरी माणूस गाडीबद्दल बोलायला कंजूष नाही. पहिल्या भेटीत आपल्या गाडीचे पैसे किती गेले हे सांगू नये, आणि दुसऱ्याच्या गाडीत चुका काढू नयेत. दोन्हींवर नंतर भरपूर वेळ मिळतो. येझदी-जावावाल्यांचं आपलं वेगळं गोत आहे. ते जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिवस साजरा करतात, आणि बुलेटवाल्याला पाहून एक टोमणा ठरलेला असतो, तो ऐकून घ्यावा.

निघण्याआधी एकच प्रश्न विचारा: वेग किती? नव्या ६५० वाले नव्वदला आरामात चालतात. कास्ट आयर्न बुलेट ६०-६५ ला खूश असते, आणि ऐंशीला तासभर ताणली तर तिचा तक्रारीचा सूर ऐकू येतो. गटात दहापेक्षा जास्त गाड्या नकोत. सर्वांत जुनी गाडी म्होरक्याच्या लगेच मागे, म्हणजे गटाचा वेग तीच ठरवते. सर्वांत मागे तो, ज्याच्याकडे हत्यारं आणि हात आहेत. ओळीत एक गाडी डावीकडे, पुढची उजवीकडे, आणि समोरच्यापासून दोन सेकंदांचं अंतर. वळणावर ही रचना मोडून एकामागे एक. दर साठ-सत्तर किलोमीटरला थांबून इंजिन गार होऊ द्या, डिपस्टिक बघा.

मानपूर ओलांडल्यावर धामनोदकडे उतरणारा गणपती घाट ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी कुप्रसिद्ध झाला. अशा उतारावर बुलेट तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच्या जोरावर उतरवा, ड्रम ब्रेक सतत धरून ठेवले तर तापून पकड सोडतात. ट्रकच्या पुढे राहू नका, मागेही चिकटू नका, आणि फोटोसाठी उतारावर कोणी थांबायचं नाही.

पिशवीत जे असावं ते: एक प्लग, तपासलेला पॉइंट सेट आणि कंडेन्सर, क्लच व ॲक्सिलरेटरची केबल, चेनची एक कडी, पुढची ट्यूब (मागच्याला चालते), पंप आणि पंक्चर पट्ट्या, लिटरभर तेल, फ्यूज, तार, एम-सील, आणि तेच सूत-इंचाचे पाने. क्लचची केबल जुन्या केबलला समांतर बांधून ठेवली तर रस्त्यात बदलायला पाच मिनिटं लागतात.

हेल्मेट आयएस ४१५१ चिन्हाचं. आवाजासाठी सायलेन्सर कापून घेण्याचा मोह आवरा. मोटर वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो, आणि मूळ सायलेन्सरचा तो संथ ठोका ऐकूनच तर लोक धामनोदच्या चहाच्या टपरीवर तुमच्याशी बोलायला येतात. टाकीवरची हातानं काढलेली सोनेरी रेघ अजून शाबूत असेल तर तीही तशीच ठेवा. पेंटरला आता फोन करायला हरकत नाही, पण फक्त मडगार्डसाठी.